येऊन राहिला

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येते आणि मागाहून थोडी लाज वाटते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. पण नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायला कोणी बोलावले तर मी हीच गोष्ट सांगतो. कारण या प्रकरणात संशयितापेक्षा तपास अधिकाऱ्याच्या चुका जास्त होत्या आणि तपास अधिकारी मी स्वतः होतो.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षे झाली असतील. सहायक पोलीस निरीक्षक म्हणून माझी बदली गोंदिया जिल्ह्यात, आमगावच्या बाजूच्या एका ठाण्यात झाली होती. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. वडील मराठीचे शिक्षक. आमच्या घरी जेवताना कोणी 'तो दही' म्हणाले तर दही वाढले जात नसे, आधी लिंग सुधारून घ्यावे लागे. त्यामुळे भाषेतले आपल्याला सगळे कळते असा माझा ठाम समज होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

दिवाळी होऊन गेली होती आणि ठाण्यात रजेच्या अर्जांचा ढीग पडला होता. प्रत्येक अर्जात कारण एकच, 'घरगुती काम'. अर्ध्या ठाण्याचे घरगुती काम एकाच आठवड्यात कसे निघते, असे मी आमच्या हवालदाराला विचारले. हा हवालदार त्याच भागातला, वयाने माझ्याहून मोठा आणि बोलण्यात फटकळ. तो म्हणाला, "साहेब, धान कापनीले आला. तो साहेबाच्या सहीसाठी थांबत नाही." मी कुरकुरत सह्या केल्या. स्थानिक माणसे गावोगावी निघून गेली. ठाण्यात उरलो मी, सोलापूरकडचा वायरलेस ऑपरेटर आणि आमच्यासारखेच बाहेरून आलेले सात-आठ शिपाई. धानाचे रोप आणि गवत शेजारी ठेवले तर ओळखता आले नसते, असे आम्ही सगळे.

अशातच एका सकाळी हजेरी संपते न संपते तोच ऑपरेटर लॉगबुक घेऊन माझ्या टेबलापाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता. आमच्या जिल्ह्याला वायरलेससाठी एक जादा चॅनेल नुकतेच मिळाले होते. त्या चॅनेलवर साडेसातला एक परका पुरुष आणि एक परकी बाई बोलली होती. ऑपरेटरने शब्दन् शब्द टिपून ठेवला होता.

"बाई, कडपा उचल. उद्या दुपारी येऊन राहिला."

"मोठा हाये का लहान?"

"मोठा हाये. बाकीच्यांईले सांग."

एवढेच बोलणे. पुढे खरखर.

आता त्या काळात आमच्या डोक्यात काय चालायचे ते वाचकांनी लक्षात घ्यावे. देवरी, चिचगडचे जंगल नक्षलग्रस्त. दक्षिणेकडून दलमची, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र तुकड्यांची, ये-जा असायची. आणि कडपा हा आंध्रातला जिल्हा, हे मला शाळेच्या नकाशापासून ठाऊक होते. मी लॉगबुक दोनदा वाचले आणि छाती फुगली. कडप्याहून कोणी तरी मोठा म्होरक्या उद्या दुपारी येतो आहे. 'बाई' हे कुणा महिला सदस्याचे टोपणनाव. 'उचल' म्हणजे वाटेतून घेऊन जा. बाकीच्यांना कळवायचे आहे, म्हणजे टोळी मोठी. सगळे कसे जिथल्या तिथे बसले. वरिष्ठांना फोन केला, तेही हादरले. स्टेशन डायरीत नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून देवरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिल्ह्याबाहेरून आलेली राखीव कुमक धरून, वीस माणसांची नाकाबंदी लावली. येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला आम्ही उतरवला. एका म्हाताऱ्याच्या पिशवीतले मोहफूलसुद्धा तपासले. दुपारचे दोन वाजले आणि दक्षिणेकडून आभाळ काळे होत आले. वारा सुटला, गडगडाट झाला आणि असा पाऊस कोसळला की वीसच्या वीस माणसे बुटांसकट भिजली. रस्त्यावर कुत्रेही उरले नाही. संध्याकाळी मी अहवाल लिहिला, 'सदर इसम पावसाचा फायदा घेऊन पसार झाला असावा.' त्या अहवालाची प्रत आजही कुठे तरी फायलीत असेल. कोणी काढू नये अशी विनंती.

आठ दिवस आम्ही त्या चॅनेलला कान लावून बसलो. साडेसातला तोच आवाज दोन-तीनदा आला, पण 'आज काही नाही, बाई' एवढेच बोलून गेला. मग खबर आली ती न्हाव्याच्या खुर्चीतून. आमगावच्या बाजारात मी दाढी करायला बसलो होतो. तो न्हावी हिंदी बोलणारा. वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवून त्याने सहज विचारले, "साहब, टीवी का अँटेना तो आड़ा होता है ना? अपने सिग्नलबाबू के यहाँ तीन बाँस जोड़ के एकदम सीधा खड़ा है. और सुबह-सुबह अकेले बैठ के किसी से बतियाते हैं." गळ्यावर वस्तरा असताना उठता येत नाही, नाहीतर मी तसाच साबणासकट निघालो असतो.

सिग्नलबाबू म्हणजे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले साठीचे गृहस्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या दोन मिनिटे आधी मी दोन पंच आणि चार शिपाई घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. पंच म्हणून बाजारातले दोन दुकानदार घेतले होते. बोलणे साडेसातला होते, तेव्हा माणूस मुद्देमालासह हातात सापडावा असा हिशेब होता. तो बरोबर निघाला. दार उघडेच होते. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या शेजारी तशाच चौकटीत बसवलेला हौशी म्हणजे 'हॅम' रेडिओचा परवाना. खाली टेबलावर दोन सेट. सिग्नलबाबूंनी एका सेटचा माइक नुकताच उचलला होता. मी त्यांचा हात धरला.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि "जय भीम, साहेब" म्हणाले. मग म्हणाले, "दोन मिनिटं बोलू द्या, मंग चला." मी अर्थातच बोलू दिले नाही. पंचनामा केला, सेट जप्त केले आणि त्यांना चौकशीसाठी ठाण्यात आणले.

मी बरेच संशयित समोर बसवले आहेत. खोटे बोलणारा माणूस आधी पाणी मागतो, मग वेळ मागतो आणि मग वकील मागतो. सिग्नलबाबूंनी काहीच मागितले नाही. विचारले तेवढे सरळ सांगत गेले. त्यामुळे माझा संशय आणखी वाढला.

सेटची रेंज वाढवली आहे का, असे मी विचारले. वाढवली, ते म्हणाले. किती किलोमीटर, मी विचारले. त्यावर त्यांनी शाळामास्तराच्या सहनशीलतेने मला समजावले. "किलोमीटर नाही, साहेब. लांबी तं बांबूनं वाढते. मी रुंदी वाढवली. हा सेट ऐकते साऱ्या गावाचं, पन बोलाची परवानगी त्याले एकाच गल्लीची, म्हनजे चॅनेलची. कंपनी आत कुलूप लावून देते. मी तो कुलूप काढला."

कुलूप का काढले, तेही सांगितले. चिचगडला त्यांची थोरली बहीण राहत होती. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्यांना वाढवले. ते तिला बाई म्हणत. तिकडे टेलिफोनची तार महिन्यातून वीस दिवस मेलेली आणि मोबाइल पोहोचला नव्हता. बाबूंनी भंगारातून जंगल कंत्राटदाराचा एक जुना सेट मिळवला, दुरुस्त करून बाईकडे बसवला. पण तो सेट म्हातारा आणि हट्टी, त्याला एकच गल्ली ठाऊक. बाबूंच्या नव्या सेटला त्या गल्लीत बोलायची मनाई. म्हणून कुलूप काढले. महिनाभर ऐकून पाहिले होते म्हणे, त्या गल्लीत तेव्हा चिटपाखरू नव्हते. आम्ही तिथे राहायला आलो ते त्यानंतर.

"परवान्यात बसत नाही, हे मले मालूम हाये," ते म्हणाले. "चूक माझी हाये. लिहून घ्या."

मी लिहून घेतले आणि मग हुकमी पत्ता काढला. आंध्राशी संबंध आहे का? 'हो,' ते म्हणाले, 'रोज सकाळी सात वाजता बोलतो.' माझ्या हातातली लेखणी थांबली. ऑपरेटर दारात उभा होता, तो आत आला. कोणाशी बोलता? समुद्रकाठच्या एका गावातल्या मित्राशी, दुसऱ्या सेटवरून, तोही परवानाधारक. काय बोलता? हवा. तिकडे समुद्रावर वादळ उठले की दोन-तीन दिवसांत आपल्याकडे येते. मित्र आभाळ पाहून सांगतो, ते मी बाईला सांगतो.

"रेडिओवर सांगतात की हवेचा अंदाज," मी म्हणालो.

"रेडिओ सांगते, विदर्भात तुरळक ठिकाणी. आता तुरळक म्हनजे बाईची बांधी का शेजाऱ्याची?"

ऑपरेटरला हसू आले. मी त्याच्याकडे रोखून पाहिले. मग लॉगबुक उघडून सिग्नलबाबूंपुढे ठेवले. कडपा म्हणजे काय? कापून बांधीत, म्हणजे खाचरात, पसरलेला धान, ते म्हणाले. दोन-तीन दिवस वाळू देतात, मग उचलून बांधतात. आणि 'येऊन राहिला' तो कोण? पाणी, ते म्हणाले.

इथे मला वडील आठवले. इतका वेळ बेमालूम बोलणारा माणूस शेवटी व्याकरणात सापडला, याचा मला केवढा आनंद झाला. मी म्हणालो, "पाणी नपुंसकलिंगी आहे. पाणी असते तर तुम्ही 'येऊन राहिलं' म्हणाला असता. 'राहिला' म्हणजे पुरुष. नाव सांगा."

"पाणीच, साहेब," सिग्नलबाबू पुन्हा म्हणाले. बाहेर बसलेल्या पंचांना मी कडप्याचा अर्थ विचारला, तर ते म्हणाले, हम तो कपड़े की दुकानवाले हैं साहब. झाले, माझी खात्री पटली.

तेव्हा पहिल्यांदा बाबूंचा आवाज बदलला. ते खुर्चीतून पुढे सरकले. म्हणाले, "साहेब, मले आत टाका, परवाना घ्या, काही म्हनत नाही. पन आज तिसऱ्या पहरी पाणी येऊन राहिला. मोठा हाये. बाईचा हलका, लवकरचा धान निघाला, पन भारी, उशिराचा धान काल कापून पडला. साऱ्या वस्तीचाच पडला हाये. माझ्या आवाजाची वाट पाहून राहिली असन ते. कोनाच्या बी हातानं, एवढा निरोप द्या. कडपा उचला म्हना."

मी कठीण प्रसंगात सापडलो. माणूस खरा वाटत होता. पण संशयिताचाच सांकेतिक निरोप पोलिसांनी पोलिसांच्याच वायरलेसवरून पोहोचवला आणि उद्या काही विपरीत घडले, तर माझी वर्दी उतरली असती. आणि तो खरा असेल, तर माझ्या हट्टापायी एका वस्तीचे वर्षाचे अन्न चिखलात जाणार होते. अकरा वाजले होते. खिडकीतून स्वच्छ ऊन दिसत होते. त्या उन्हाचा आधार घेऊन मी 'बघू' म्हणालो. सरकारी नोकरीत 'बघू' हा शब्द माणूस घाबरला की वापरतो.

साडेअकराला आमचा हवालदार रजेवरून हजर झाला. हाताला विळ्याचे घट्टे, मानेवर धानाच्या कुसाने उठलेले पुरळ. सॅल्यूट ठोकताना त्याची नजर टेबलावरच्या उघड्या लॉगबुकवर गेली. त्याने ते वाचले. आधी त्याचे खांदे हलले, मग तो भिंतीला टेकला आणि शेवटी साहेबासमोर बसू नये हा नियम विसरून खाली स्टुलावर बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"साहेब, याच्यासाठी नाकाबंदी लावली होती?"

मी कडक आवाजात म्हणालो, की पाणी 'राहिलं' असते, 'राहिला' नसते.

तो डोळे पुसत म्हणाला, "ते तुमच्या साताऱ्याले. आमच्याकडे पाणी तो हाये, साहेब."

मला नाकाबंदीची दुपार आठवली. दक्षिणेकडून आलेले काळे आभाळ, दोनचा सुमार, भिजलेले वीस जण. ज्याची आम्ही वाट पाहत होतो तो वेळेवर आला होता, सांगितल्याप्रमाणे मोठा होता आणि आमच्या अंगावरून गेला होता. मीच त्याला अहवालात पसार केले होते.

मी उठलो, वायरलेसच्या खोलीत गेलो आणि माइक स्वतः हातात घेतला. बाई बॅटरी वाचवायला दिवसा सेट बंद ठेवते, असे बाबू म्हणाले, म्हणून चिचगडच्या आमच्या ऑपरेटरला बोलावले. तोही बाहेरचाच निघाला. मी निरोप सांगितला, वस्तीत सिग्नलबाबूंची थोरली बहीण आहे, तिला कळवा, कडपा उचला. पलीकडून प्रश्न आला. "सर, कडपा? पुन्हा सांगा. ओव्हर." मी पुन्हा सांगितले. "सर, कोण येतोय? फोर्स तयार ठेवू का?"

"पाणी," मी म्हणालो. "पाणी येऊन राहिला. मोठा हाये. बाकीच्यांईले सांग."

मागे हवालदार खोकल्याच्या निमित्ताने हसत होता. नियंत्रण कक्षातून कोणी तरी मध्येच विचारले, की हे चॅनेलवर कोण बोलत आहे. मी हुद्द्यासकट नाव सांगितले. त्यांनी 'रॉजर' म्हणून चॅनेल मोकळे केले.

पाऊण तासाने चिचगडहून उत्तर आले. निरोप पोहोचला, सारी वस्ती बांध्यांत उतरली आहे, आमचे दोन शिपाईसुद्धा धानाचे भारे वाहत आहेत. आणि त्या बाईचा उलट निरोप आहे. तो ऑपरेटरने जसाच्या तसा सांगितला, "माझा भाऊ कुठं हाये? त्याचा आवाज काऊन नाही आला?"

सिग्नलबाबू दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने उगीचच पुसला. मी माइक दाबून सांगितले, भाऊ खुशाल आहे, ठाण्यात चहा पिऊन राहिला. मग खरोखरच चहा मागवला, कारण खोटी माहिती चॅनेलवर देता येत नाही.

सव्वातीनला पाणी आला. मी मुद्दामच 'आला' लिहितो आहे. तो तासभर पडला. चिचगडचा धान तोवर पुंजण्यात रचून झाकला गेला होता, दोन-चार बांध्या तेवढ्या भिजल्या.

राहिला कायदा. परवान्याबाहेर बोलणे हा गुन्हाच, बहिणीसाठी असला तरी. पोलिसांच्या चॅनेलवर खरोखर घाईची वेळ असती आणि त्यांचे बोलणे आडवे आले असते, तर काय झाले असते, हे मी बाबूंना ठणकावून सांगितले. त्यांनी मान खाली घालून ऐकले. त्यांनी पंचांसमोर स्वतःच्या हाताने सेटचे कुलूप पूर्ववत बसवले, चिचगडचा म्हातारा सेट ठाण्यात जमा केला. मी सविस्तर अहवाल वर पाठवला आणि त्यात पहिल्यांदाच संशयिताच्या चुकांच्या शेजारी माझ्याही लिहिल्या. परवाना देणाऱ्या खात्याने त्यांना कडक ताकीद दिली, परवाना मात्र राहू दिला.

बाईला कोण सांगणार, हा प्रश्न तसाच होता. त्यावर हवालदाराने तोड काढली. कापणीच्या दिवसांत सिग्नलबाबू सकाळी फिरायला निघत, ते ठाण्यावरून जात. मित्राने सांगितलेली हवा हवालदाराला सांगत. हजेरीनंतर आमचा ऑपरेटर ती चिचगडला कळवी. स्टेशन डायरीत मी त्याला 'जनसंपर्क' म्हणत असे. माझी बदली होईपर्यंत हे चालले. नंतर तिकडे मोबाइल पोहोचला आणि गरज संपली.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे प्रशिक्षणाला आलेली मुले विचारतात. मी सांगतो, ज्या गावात नोकरी करायची तिथले पाणी तो आहे की ते, हे पहिल्या दिवशी विचारून घ्या. आणि ज्याला विचारायचे त्याला रजेवर पाठवून तपास करू नका. मुले हसतात. मी हसत नाही, कारण अकरा ते साडेअकरा हा अर्धा तास मला अजून टोचतो. हवालदार त्या दिवशी न येता दुसऱ्या दिवशी आला असता तर?

निवृत्तीनंतर मी साताऱ्याला राहतो. दिवाळी झाली की सिग्नलबाबूंचा फोन येतो, एकच वाक्य, "साहेब, येऊन राहिला." त्यांच्या पावसाशी माझा आता काही संबंध नसतो, पण मी मनापासून 'मोठा का लहान' विचारतो. एका वर्षी मात्र ते म्हणाले, "साहेब, येऊन राहिली." व्याकरण मी आता कान देऊन ऐकतो. कोण, असे विचारताच म्हणाले, "बाई. तुमाले पाहाले."

ऐंशी गाठलेली ती बाई गोंदियाच्या गाडीतून भावासोबत उतरली. डोक्यावर नव्या तांदळाचे बोचके होते, ते तिने कोणाला घेऊ दिले नाही. दुपारी आमच्या ओसरीवर बसली असताना आभाळ भरून आले. तिने वर पाहिले आणि मला विचारले, "तुमच्याकडे पाणी तो हाये का ते?"

ते, मी सांगितले.

"मंग लेकरूच हाये," ती म्हणाली. "लेकराले कायले भ्यायचं? आमचा मोठा हाये, पन सांगून येते." आणि पदर सावरून तिथेच बसून राहिली. मी मात्र सवयीने उठून अंगणातले वाळवण उचलायला गेलो.